मुलगा पुण्याला आहे का? मुलींच्या वडिलांना खुलं पत्र

प्रति,
दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले, यंदा मुलीचं लग्न काढलेले समस्त काकाजी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं. कापसाची पहिली वेचणी घरात आली. आता तुमच्या घरी परिचय पुस्तिका आल्या असतील, मोबाइलवर बायोडाट्यांचे फोटो येत असतील आणि मध्यस्थाला तुम्ही सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारत असाल, "पोरगा पुन्याले हाये का?"

तो पुण्याला असलेला पोरगा मीच. वय ३१, आयटीआय फिटर, गाव दारव्हा तालुक्यात. बायोडाट्यात नोकरीचं ठिकाण 'पुणे' असं लिहिलंय. खरं म्हणजे चाकण. शनिवारवाडा मी दहा वर्षांत दोनदा पाहिला, तोही गावाकडून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला नेलं म्हणून.

पत्र मात्र माझ्यासाठी लिहीत नाही. माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ गावाकडे असतो, त्याच्यासाठी लिहितोय. मला स्थळं येतात. मागच्या उन्हाळ्यात पाच आली. त्याला चार वर्षांत दोन आली आणि दोन्ही "पोरगा गावातच रायते का?" एवढं विचारून परत गेली. पोहेसुद्धा झाले नाहीत. आता आम्हा दोघांचा हिशोब तुमच्यापुढे मांडतो. तुम्ही कापसाचा काटा डोळ्यांत तेल घालून पाहणारी माणसं आहात, हाही काटा पाहा.

आधी माझा. २०१६ साली आयटीआय झाली आणि कॉलेजच्या आवारात एका ठेकेदाराचा माणूस आला. दोन दिवसांत आम्ही तीसेक पोरं चाकणला. आईनं शेंगदाण्याची चटणी आणि दोन चादरी दिल्या. बाबांनी फक्त "पोचला की फोन कर" म्हटलं. तेव्हापासून मी एकाच मोठ्या कारखान्याच्या एकाच गेटातून आत जातो, पण माझ्या पीएफच्या पासबुकात पाच ठेकेदारांची नावं आहेत. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एक; त्याखाली पाच मेंबर आयडी. दर काही महिन्यांनी 'ब्रेक' देतात. ब्रेक म्हणजे सुट्टी नव्हे. कार्ड जमा करायचं, खोलीवर बसायचं आणि नव्या ठेकेदाराच्या नावानं परत बोलावणं येईपर्यंत वाट पाहायची. कधी वीस दिवस, कधी दोन महिने. दहा वर्षांत एकदाही मला कारखान्याच्या नावाचं नेमणूकपत्र मिळालं नाही.

हातात पडतात १९,८०० रुपये. वर्षात दहा महिने धरा, म्हणजे १ लाख ९८ हजार. तिघांत एक खोली, माझा वाटा ३,०००. मेस ३,४००. पेट्रोल, मोबाइल, साबण-दाढी, आजारपण मिळून २,५००. हा खर्च मात्र बाराही महिने, कारण ब्रेकमध्ये पोट ब्रेक घेत नाही. वर्षाचे झाले १ लाख ६ हजार ८००. गावी चार वेळा येतो, त्याचे दहा-अकरा हजार. वर्षाला शिल्लक ऐंशी हजारांच्या आसपास, तीही अंगाला काही झालं नाही तर.

आता भावाचा. तो आयटीआय इलेक्ट्रिशियन. त्याचं दारव्ह्यात मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, भाड्याचं, दहा बाय बारा. तुम्ही ओलीत करणारी माणसं आहात, त्यामुळे त्याचा धंदा कशावर चालतो ते तुम्हाला सांगायला नको, पण तरी सांगतो. कृषिपंपाला वीज पाळीनं येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री उठायला नको म्हणून सगळ्यांनी ऑटो स्विच लावलेत. वीज आली की डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. तेवढंच पाणी ओढायला मोटार जास्त करंट खेचते, तांबं तापतं, वाइंडिंग जळतं. एखादा फेज उडाला आणि मोटार दोन फेजवरच घोंगावत राहिली, तर काही मिनिटांत काम तमाम. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी सुरू झालं की त्याच्या दुकानापुढे जळालेल्या मोटारींची रांग लागते. बंडीवर, ऑटोत, मोटारसायकलच्या मागे बांधून, कशाही येतात. उन्हाळ्यात कूलर. कूलरशिवाय मे महिना काढणारा विदर्भात अजून जन्माला यायचाय.

मागच्या वर्षी त्यानं वहीत लिहिलेल्या मोटारी २४०. तार, वार्निश, पेपर यांचा खर्च जाऊन मोटारीमागे त्याला साधारण १,२०० सुटतात. झाले २ लाख ८८ हजार. त्यातून दुकानाचं भाडं वर्षाचं ४२ हजार आणि हंगामातल्या पोऱ्याचे पाच महिन्यांचे ४५ हजार वजा करा. उरले २ लाख १ हजार. कूलरचे चाळीसेक हजार वेगळे. खोलीभाडं नाही, मेस नाही. दाळ, ज्वारी, गहू घरचे.

आणि शेती? सहा एकर आहे, चार ओलीत. शेतीचं मी इथं मुद्दाम धरलं नाही. कारण शेतीचा हिशोब मांडायला गेलो तर तुम्हीच मला गप्प कराल. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि आम्ही बाजारात विकलं ते चार हजारांच्या आसपास. तूर बरी गेली, म्हणून तोंडमिळवणी झाली. त्या वर्षी शेतीत मिळालं काय, तर घरचं धान्य आणि बाबांना रोज जायला एक जागा.

म्हणजे काकाजी, ज्याच्या घरात तुम्ही पोरगी द्यायला तयार आहात त्याच्याकडे वर्षाचे ऐंशी हजार उरतात, आणि ज्याच्या दारात गाडीतून उतरलाही नाहीत त्याच्याकडे दुपटीहून जास्त. तुमचा काटा कुठं मारला जातोय ते पाहा.

हे मी एकदा तोंडानंही सांगून पाहिलंय. आर्णीकडचं स्थळ होतं, दोन वर्षांपूर्वी. मुलगी बी.एस्सी., घर चांगलं. मध्यस्थ म्हणजे माझे दूरचे मामा. त्यांनी दारातच कानात सांगितलं, "परमनंट म्हन. कोन पाहाले जाते?" आत गेल्यावर मुलीच्या वडिलांनी विचारलं, "कंपनीत हाये नं?" मी म्हणालो, "कंपनीत आहे, पण कंपनीचा नाही. ठेकेदाराचा आहे." त्यांना आधी कळलंच नाही. मग पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून दाखवलं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. चिवडा उत्तम होता. निघताना म्हणाले, "कळवतो." अजून कळवताहेत. परतीच्या वाटेवर मामा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, दारव्हा आलं तेव्हा फक्त "तू येडा हायेस" म्हणाले.

त्या घरचा मला राग नाही. उलट त्यांनी पासबुक पाहिलं, हे बरंच झालं. तुमच्यापैकी बाकीच्यांनी तेही पाहिलं नाही. बायोडाट्यात 'पुणे' दिसलं की तुमचा जीव भांड्यात पडतो. मुलगा कायम आहे की ठेक्यावर, खोलीत किती जण राहतात, लग्नानंतर वेगळी खोली घ्यायची तर भाडं कुठून येणार, यातलं काही नाही. 'शेती किती' हे मात्र विचारता. शेती असावी, ओलिताची असावी, पण पोराचा पाय तिला लागू नये. सातबारा गावात आणि सातबाऱ्यावर नाव असलेला चाकणमध्ये. मग ती वाहायची कोणी? याचं उत्तर माझ्या भावाला तुमच्यापैकी एकानं देऊन टाकलंय, "मक्त्यानं द्या नं."

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. आमचा जिल्हा यवतमाळ. २०१७ च्या पावसाळ्यात कापसाच्या पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. आमच्या शेजारचा एक जण सरकारी दवाखान्यात आठ दिवस डोळ्यांना पट्टी बांधून पडला होता. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचं नाव १९ मार्च १९८६ पासून, तिथल्या साहेबराव करपे या शेतकऱ्यानं कुटुंबासह जीव दिला तेव्हापासून, कशासाठी घेतलं जातं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अशा जिल्ह्यात ज्यानं वीस वर्षं पोरीला शिकवलं, त्यानं तिला वावरात लोटू नये असं वाटणं साहजिक आहे. माझ्या बाबांनाही वाटलं होतं.

हो, हा घरचा भाग लपवून ठेवला तर पत्र खोटं होईल. २०१४ मध्ये ताईचं लग्न ठरवताना आमच्या बाबांनीही हाच प्रश्न विचारला होता. दिग्रसजवळचा एक शिक्षणसेवक आला होता, चांगला मुलगा, तेव्हा मानधनावर होता. बाबांनी त्याला सोडून भोसरीचा मुलगा पसंत केला. भाऊजी माणूस सोन्यासारखा, पण तेही माझ्यासारखेच, आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. तो शिक्षणसेवक आज कायम झालाय, त्यानं दिग्रसला घर बांधलं. बाबा त्या रस्त्यानं गेले की त्या घराकडे पाहत नाहीत.

हे पत्र लिहायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, ताई माझ्या बाजूनं बोलेल. दिवाळीच्या बऱ्याच आधी एका रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो. एक खोली, एक स्वयंपाकघर, भाडं ८,०००, पाण्याचा टँकर वेगळा. विचारलं, "ताई, बाबांनी चूकच केली ना?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "काहून? मी बरी हाये अथी." मी हिशोब सांगायला लागलो तर तिनं थांबवलं. ती जवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जाते, नऊ हजार मिळतात, स्वतःच्या खात्यात जमा होतात. "मले पुनं नोतं पायजे रे," ती म्हणाली. "मले माही चूल पायजे होती. सकाळी उठल्यावर सासूले न विचारता चहा मांडता आला पायजे, घरात संडास-बाथरूम पायजे, कापूस येचाले जा म्हननारं कोनी नको. तथी कोन देत होतं हे? पुन्यात आपोआप भेटते, कारन खोलीत सासूले ठेवाले जागाच नाई."

मी तिथून निघालो ते डोकं खाजवतच. दहा वर्षं मी समजत होतो की मुलींना मॉल पाहिजे, रस्त्यावरचे दिवे पाहिजेत. परिचय पुस्तिकेत 'अपेक्षा' या रकान्यात मुली 'पुणे, मुंबई' लिहितात, तेव्हा त्यांना यातलं काय म्हणायचं असतं, ते त्या रकान्यात मावत नाही. आणि काकाजी, तुम्हीही त्यांना ते विचारत नाही. 'पोरीचीच इच्छा हाये' म्हणता आणि मोकळे होता.

ताईचं बोलणं मी भावाला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. तो ऐकत होता, मागे कुठल्यातरी मोटारीची ट्रायल चालू होती. म्हणाला, "मंग खोली बांधू." त्याचं असंच असतं. दिवाळीला गेलो तेव्हा मागच्या अंगणात जोता भरून झाला होता. एक खोली, तिचं वेगळं स्वयंपाकघर, आत संडास-बाथरूम, वर टाकी. आई आधी फुगली होती, "माही चूल काय वाईट हाये?" आता सिमेंटवर पाणी मारायचं काम तीच करते.

पुण्यानं मला काही दिलं नाही असं नाही. सात तारखेला पगाराचा मेसेज येतो, पाऊस पडो न पडो. कोणाचा कोण, कोणत्या घरचा, असं कोणी विचारत नाही. फक्त "नागपूरकडचे का?" म्हणतात, आणि मी "करून राहिलो" म्हटलं की हसतात. नागपूर माझ्या गावापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण त्यांच्या लेखी दोन्ही एकच. असो. एक गोष्ट मात्र मला फार उशिरा कळली. दहा वर्षांत मी तिथं शिकलो काय? लाइनवर माझ्या वाट्याला चार बोल्ट आहेत. गाडी पुढ्यात येते, चार बोल्ट ठरलेल्या टॉर्कनं आवळायचे, मिनिट व्हायच्या आत ती पुढे सरकते. हे काम मी डोळे मिटून करतो. पण दारव्ह्यात ते घेऊन बसायचं कुठं? कोणाला माझे चार बोल्ट पाहिजेत? भावाच्या हातात धंदा आला आणि माझ्या हातात फक्त सवय. परत यायचं मनात आलं तरी मी आता त्याच्या दुकानात पोऱ्या म्हणूनच येऊ शकतो. तेही तो घेईल की नाही, शंका आहे. मी तार गुंडाळताना फार घाई करतो, असं त्याचं मत आहे.

त्याचाही धंदा जन्मभर असाच चालेल असं नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्यानं दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी. सौरपंप वाढले की जळालेल्या मोटारी कमी होणार. हे त्यानंच मला समजावलं आणि सध्या तो सौरपंपाचे कंट्रोलर उघडून पाहतोय. हमी संपली की ते कोणाकडे येणार, हा त्याचा हिशोब. मला पुढच्या ब्रेकपलीकडचं दिसत नाही.

जाता जाता पुण्याच्या जावयाबद्दल. तो वर्षातून दोनदा दिसेल, दिवाळीला आणि कोणाच्या तरी लग्नाला. शकुंतला, आमची ती जुनी छोटी रेल्वे, कधीच थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावरची गाडी फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत आली. त्या मार्गावर आमचं दारव्हाही आहे, पण आम्ही अजून ट्रॅव्हल्सनंच येतो. एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा शासन निर्णय २७ एप्रिल २०१८ पासून आहे. या दिवाळीत मी तिप्पट देऊन आलो. आणि १ जुलै २०२३ ची रात्र तुम्ही विसरला नसाल. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ जळाली, २५ जण गेले. कामाला, शिकायला निघालेली आपल्याकडचीच पोरं होती त्यात. मी त्या दिवशी चाकणला खोलीवर झोपलो होतो. सकाळी उठलो तर आईचे चौदा मिस कॉल. मी बसमध्ये नव्हतो हे तिला माहीत होतं, तरी चौदा.

तर काकाजी, मागणी एवढीच. मध्यस्थाला पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा गावाचं नाव विचारण्याआधी पोराला दोन गोष्टी मागा, पीएफचं पासबुक नाहीतर दुकानाची वही. आणि पोरीला एक विचारा, पुण्यात तिला नेमकं काय पाहिजे. मग खुशाल पुण्याचा करा, माझाच करा, माझी हरकत असायचं कारण नाही.

भावाचा बायोडाटा मी पाठवणार नाही. त्याला या पत्राचंही माहीत नाही. कळलं तर उन्हाळ्यात कूलर दुरुस्त करून द्यायचा नाही. दुकान दारव्ह्यात आहे, जळालेल्या मोटारी कुठं नेता असं कोणालाही विचारा, ते दाखवतील. जानेवारीत या, हरभऱ्याला दुसरं पाणी चालू असताना, दुपारी. तेव्हा तो कोणाशी कसा बोलतो, उधारी कोणाला देतो, पोऱ्याला जेवायला वेळेवर सोडतो की नाही, सगळं दिसेल. मुलीलाही घेऊन या. नुसतं पाहायला आलो म्हणून सांगाल तर तो लाजून मागच्या दारानं जाईल, म्हणून सोबत एखादी मोटार असू द्या. यंदाच्या व्होल्टेजमध्ये तुमच्याकडेही एक जळालेली असेलच.

आपला,
आर्णीच्या न जमलेल्या सोयरिकीतला मुलगा
मु. चाकण (बायोडाट्यात: पुणे)